पांढरं पातळ

पुतळ्याला नेसवायचं तेवढं राहिलं होतं. पळसाच्या पानांचं अंग, काड्यांचे हात, नारळाचं डोकं. भडगावच्या खाली गिरणेच्या काठावर, रचलेल्या लाकडांशेजारी तो उताणा ठेवला होता. प्रेत सापडलं नाही की असा पुतळा करून जाळायचा, ही गिरधरच्या घरातली रीत.

"द्या दाजी," गिरधर म्हणाला. "नेसवायला नवऱ्याच्या घरचंच लागतं."

देवचंदने काखेतलं गाठोडं आणखी आवळलं. श्रावणात याच काठावर गोधड्या धुताना त्याची बायको प्रमिला पुरात गेली. पार तापीच्या संगमापर्यंत दोन्ही काठ शोधून झाले होते. एक गोधडी मिळाली.

"आधी ती काडेपेटी खिशात ठेव," देवचंद म्हणाला.

"का म्हणून? बहीण माझी शे. लग्न तुमच्या देवळात लावलं, आम्ही तोंड उघडलं नाही. आता तिला असंच भटकत ठेवायचं?"

धुळ्याहून राजदूत फटफटीवर आलेले ख्रिस्ती पाळकसाहेब दोघांच्या मध्ये आले. "गिरधरभाऊ, आम्ही जाळत नाही. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, असं आम्ही मानतो. आमच्या स्मशानभूमीत तिच्यासाठी जागा खणून ठेवली आहे."

"रिकामा खड्डा?" गिरधर हसला. "मग उठणार कोण त्यातून? उंदीर?"

"समुद्र आपल्यातले मेलेले परत देईल," देवचंद म्हणाला. "शास्त्रात आहे."

"ती गिरणेत गेली, दाजी."

"गिरणा तापीला मिळते. तापी समुद्राला."

पाळकसाहेब अस्वस्थ झाले. त्यांनी देवचंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"देवचंद, ते दर्शन आहे. तिथला समुद्र म्हणजे नुसतं पाणी नाही. माणसाला जे जे गिळतं, ते सगळं त्यात आलं. ज्याला ते दर्शन झालं तो स्वतः एका बेटावर कैदेत होता. चारी बाजूंनी समुद्र, आणि त्याची माणसं पलीकडे. म्हणून त्याने तसं पाहिलं."

"म्हणजे पाणी नाही?"

"नुसतं पाणी नाही, एवढंच म्हणतो."

"ती पाण्यातच गेली, साहेब." देवचंदने त्यांचा हात खाली काढला. "मग पाण्यालाच परत द्यावी लागेल. आज मी हिला आग लावली, तर ती संपली असं मीच कबूल केलं. मग मी कशाची वाट पाहू?"

गिरधरने गाठोड्याला हात घातला. ओढाओढीत गाठ सुटली आणि आतलं पातळ वाळूत पडलं. पांढरं होतं.

गिरधरने देवचंदची कॉलर धरली. "सवाष्ण गेली माझी बहीण. तिला रांडवेचं नेसवता?"

"लग्नातलं आहे. हेच नेसून ती माझ्याकडे आली." देवचंदने कॉलर सोडवली नाही. "तिथं वर, स्वर्गात, सगळे पांढऱ्यातच असतात."

"सोड त्याले, गिरधर."

भिकुबाई बोलली. गिरधरची आणि प्रमिलेची आई. सकाळपासून ती पुतळ्याशेजारी बसून होती. गिरधरने हात काढला. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली, पातळ उचललं, वाळू झटकली आणि पाळकसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तठे बठ्ठा धवळंच घालतस?"

"हो, माय. मोठ्या दुःखातून पार झालेले सगळे."

"किती लोक?"

"कोणाला मोजता येणार नाहीत इतके."

"मंग त्यात मी मनी पोर कशी वळखू?"



"गोंदण शे ना, अक्का," देवचंद म्हणाला. "डाव्या हातावर. तुळस."

"शे. मीच काढी लिधी. मांडीवर दाबून धरी होती तिले. लई रडनी. पण तुमच्या देवळात जाताना ती लांब बाह्यांचं पोलकं घाले. उन्हाळ्यात बी. तुळस दिसू नये म्हणून. माले सांगे ती."

पाळकसाहेब नदीकडे पाहू लागले.

"साहेब," म्हातारी म्हणाली, "तठल्या कपड्यांना बाह्या कशा शेतस? लांब का आखूड?"

कोणी हसलं नाही.

"तसं काही लिहिलेलं नाही, माय."

म्हातारीने मान हलवली, जणू तिला तेवढंच हवं होतं.

"गिरधर, काडेपेटी ठेव खिशात."

"माय, पण आपली रीत..."

"ठेव. जळी गया तर हात कोठे राही?" मग ती पुन्हा पाळकसाहेबांकडे वळली. "तुमच्या त्या खड्ड्यात मावेल का ही?"

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचं, हा प्रश्न पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तुळशीच्या घरचा, पानांचा पुतळा, ख्रिस्ती मातीत.

"मावेल," ते म्हणाले.

भिकुबाई खाली बसली. तिने पुतळा मांडीवर घेतला. पातळाची घडी मोडून तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, दोन वेढे, नीट दाबून.

डावा हात तेवढा बाहेर ठेवला.