शिशाचे गोरे

भंडारीजींनी शिशाचा शिपाई भिंगाखाली धरला, उलटा करून पायाखालचा कंपनीचा शिक्का वाचला आणि विचारलं, असे आणखी किती आहेत?

"पेटीभर," जयंती म्हणाली. "पेटीसुद्धा विलायतीच आहे."

भंडारीजींचं दुकान हवामहलच्या मागच्या गल्लीत होतं. एके काळी साहेबांच्या प्रत्येक बंगल्यात ही खेळणी लोळत असायची, ते सांगू लागले. आता तेच साहेब म्हातारे होऊन येतात आणि आपलं लहानपण डॉलर मोजून परत नेतात. पेटी पूर्ण असेल तर एक स्कूटर सहज येईल. अट एकच, रंग कंपनीचाच हवा. पुसायचं नाही, रंगवायचं नाही. एकदा ब्रश लागला की मग ते नुसतं शिसं, भंगारात घालायचं.

जयंतीनं मान डोलावली. नमुन्याचा शिपाई तिथेच ठेवून ती घरी, मानसरोवर कॉलनीला जाणाऱ्या बसमध्ये चढली.

स्कूटरचं असं होतं, की तिच्या नवऱ्याचा, दिलीपचा, नंबर कित्येक वर्षांनी लागला होता. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर नंबर गेला. दिलीप विमा कंपनीत अधिकारी, पण ऑफिसला जायचा तो बसच्या दांड्याला लोंबकळत. पेटी विकायचं काढलं ते मात्र त्याच्या वडिलांनी, वसंतरावांनी. आता या वयात काय शिपाई खेळवायचेत, म्हणाले. दिलीप लगेच नको म्हणाला. जयंती नको म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पर्समध्ये एक शिपाई टाकून ती दुकान शोधायला निघालीसुद्धा.

पेटी साताऱ्याची. वसंतरावांचे वडील सुभेदार होते. त्यांचा गोरा साहेब मायदेशी जाताना आपल्या मुलाची पेटी वसंत आणि थोरल्या प्रभाकरला देऊन गेला. तेव्हापासून दर दिवाळीला किल्ल्यावर कुंभाराकडचे मातीचे मावळे आणि पायथ्याशी हे लाल डगलेवाले गोरे. प्रभाकरचा कायदा कडक होता. गोरे म्हणजे शत्रू, कायमचे. एका वर्षी मावळा फुटला म्हणून वसंतानं एक गोरा गुपचूप बुरुजावर चढवला, तर प्रभाकरनं त्याचा कान असा पिरगळला की रात्रीपर्यंत लाल होता. पुढे प्रभाकर स्वतःच फौजेत गेला आणि पासष्टच्या लढाईतून परत आला नाही. पेटी तेवढी राहिली.

जयपूरला आल्यावरही वसंतरावांचा किल्ला चुकला नाही. कॉलनीतली पोरं जमून विचारायची, दादाजी, ये क्या बना रहे हो? इथली माती मेली वाळूची, ठरत नाही. यंदाही त्यांनी शेण कालवून बुरूज उभे केले, पायथ्याशी गोरे मांडले आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी नुसते बघत बसले. एवढंसं अंगण, एका बाजूला दिलीपनं नुकतंच केशरी ऑइलपेंट दिलेलं तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला जयंती रांगोळी घालत होती. दहाही बोटं रंगली होती तिची.

"याची टोपी बघ," वसंतराव म्हणाले. "प्रभाकरनं चावलीय. दात पडत होते तेव्हा त्याचे." त्यांनी अंगठ्यानं ती दातांची खूण चाचपली.

जयंतीनं मान वर केली नाही. "बाबा, संध्याकाळी मी पेटी भरून ठेवते," ती म्हणाली. "उद्या भंडारीजी येणार आहेत."

वसंतरावांना जरा लागलंच. पण संसार करायचा तर मन घट्ट लागतं, पोरीचं काही चुकत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पाडव्याला भंडारीजी आले. फराळाला नको म्हणाले, आधी माल बघू. पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. एकूण एक गोऱ्याच्या डोक्यावर केशरी पागोटं होतं आणि कमरेला केशरी शेला.

दिलीप वडिलांकडे बघत राहिला. जयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, रंगलेली बोटं पदरात गुंडाळून. वसंतरावांनी एक शिपाई उचलला. चष्मा आत राहिला होता, म्हणून अगदी नाकाशी धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग ते हसायला लागले.

आपण साफ विसरलोच होतो, त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. लहानपणी किल्ल्यावर मावळे कमी पडायचे, म्हणून दोघा भावांनी मिळून या गोऱ्यांनाच पागोटी चढवली.

भंडारीजींनी खिशातून नमुना काढला. बहूजींनी आणलेला हा तर कोरा आहे, तो कसा?

"वो अकेला रह गया," वसंतराव म्हणाले. "रंग खतम हो गया था."

भंडारीजींनी हळहळून नमुना परत केला आणि पायात जोडे घातले. दिलीप त्यांना फाटकापर्यंत सोडून आला. स्कूटरचा नंबर ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकू म्हणाला, आपल्याला बसची सवय आहे. त्याचा आवाज मात्र हलका झाला होता. लहानपणी तोही याच किल्ल्याशी खेळला होता.

वसंतरावांनी पेटी कपाटात ठेवली आणि ते स्वयंपाकघरात आले. जयंती मोरीपाशी वाकून साबणानं बोटं घासत होती. त्यांनी ओट्याखालची रॉकेलची बाटली काढली, एक चिंधी घेतली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली.

"प्रभाकर असता तर तुझा कान पिरगळला असता, पोरी," ते म्हणाले. "घे. ऑइलपेंट साबणानं जात नाही."