बंद केलेला स्क्रू

स्फॅक्सच्या दवाखान्यात डॉ. लासाद यांनी एक्स-रे उजेडात धरला. शस्त्रक्रिया करून आणि टाळूला बसवलेला स्क्रू रोज किल्लीने थोडा थोडा फिरवून शिराजचा वरचा जबडा रुंद केल्याला चार महिने झाले होते. टाळूच्या मधल्या फटीत एव्हाना हाड भरायला हवं होतं. फट काळीच होती, उलट दोन मिलिमीटरने वाढलेली.

"स्क्रू अजून कोण फिरवतंय?"

"कोण फिरवणार?" शिराजची आई मब्रूका म्हणाली. "रमजानात रोजा मोडू नये म्हणून मी संध्याकाळची अजान झाली की किल्ली फिरवायचे. मग तुम्हीच स्क्रूवर सिमेंट भरलंत आणि किल्ली ठेवून घेतलीत."

लासादनी टेबलाचा खण उघडून पाहिला. किल्ली तिथेच होती.

"अजून फिरतो," शिराज म्हणाली. "रोज संध्याकाळच्या अजानच्या वेळी. टक् वाजतं."

"भास होतो, पोरी. आ कर बघू."

सिमेंटला ओरखडाही नव्हता. लासादनी त्यावर बोट ठेवलं. बाहेर संध्याकाळची अजान सुरू झाली.

टक्.

बोटाखाली काहीच हललं नव्हतं. लासाद हसणारच होते, तेवढ्यात त्यांची जीभ स्वतःच्याच पुढच्या दोन दातांमध्ये गेली. सकाळी तिथे फट नव्हती.