बस, बा

"बस, बा," मुकुंदराव म्हणाले, आणि जॅस्परनं पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले.

कोट मळला. टोपी गटारात गेली. अंबूताई मागच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुत्र्याला शिवलेल्या नवऱ्याला त्या आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात घेणार नव्हत्या, आणि दिवसातून आंघोळी तरी किती करायच्या माणसानं?

पण साहेबांचा शब्द मोडायचा कसा?

डॉसनसाहेब हुबळीतल्या एका कापूस कंपनीचे मॅनेजर आणि मुकुंदराव त्यांचे हेडक्लार्क. स्वराज्याची तारीख ठरल्यापासून गावातले गोरे एकेक करून निघाले होते. साहेबांच्या मडम आधीच विलायतेला पोचल्या होत्या. महिनाअखेर साहेबही जाणार होते. एका दुपारी त्यांनी मुकुंदरावांना बोलावून सांगितलं की जॅस्परला स्थिर बसायला शिकवा, माझ्यापाशी तो बसत नाही, खेळतो. बस म्हटलं की बसला पाहिजे. मागं काही वाजलं तरी मान वळवता कामा नये.

"बोटीवर भोंगे फार वाजत असतील, नाही का साहेब?" मुकुंदरावांनी विचारलं.

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"लांबचा प्रवास आहे, राव," ते म्हणाले.

तेव्हापासून ऑफिस सुटलं की मुकुंदराव जॅस्परला केशवापुरातल्या घरी आणत, परसात नेत आणि विनवण्या करत.

बस.

बस, बा.

अरे, बस की रे बा.

जॅस्पर म्हणजे वारं प्यालेलं वासरू. बूड जमिनीला टेकलं न टेकलं तोच उडी. मुकुंदरावांनी चुचकारलं, दटावलं, छडी उगारली. छडी हातातून निसटली, ती त्यानंच तोंडात धरून परत आणून दिली. शेवटी ते तुळशीच्या कट्ट्यावर डोकं धरून बसले. असलं जनावर बोटीवर चढू दिलं नाही तर बंदरातच सोडून देतील. आणि मुंबईच्या बंदरात ह्याला कोण विचारणार?

वर्म सापडलं ते अंबूताईंना.

"अहो, बंगल्यावरच्या अप्पाजी माळ्याच्या हाताखाली वाढलंय ते," त्या म्हणाल्या. "त्याला कानडी कळतं. कानडीत 'बा' म्हणजे ये. तुम्ही बस म्हणता आणि लगेच ये म्हणता. येतं बिचारं. आता वेडं कोण, तुम्हीच सांगा."

मुकुंदराव ओशाळले. जन्म ह्याच मुलखात गेला, बाजारात कानडी, कचेरीत कानडी. पण आपल्या लाडाच्या 'बा'मध्ये दुसरा 'बा' दडून बसलाय हे कानाला कधी जाणवलंच नव्हतं.

'बा' गळला आणि जॅस्पर बसला.

कसा बसला. भिंतीकडं तोंड करून, श्वासानं पोट तेवढं हलायचं. अंबूताई मागं उभ्या राहून पळीनं पातेलं बडवत. कान ताठ व्हायचे, मान वळायची नाही. मग त्या त्याला आपल्या हातानं भाकरी भरवत. शिवाशीव कधी सुटली ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तो जितका शहाणा होत गेला, तितके मुकुंदराव त्याच्यापाशी परसात जास्त वेळ रेंगाळू लागले. आपणच शिकवायचं, आणि शिकला की आपणच निरोप द्यायचा.

"मागून घ्या की," एका सकाळी अंबूताई म्हणाल्या.

"काय?"

"जास्पऱ्याला. फार तर नाही म्हणतील. खातात थोडेच."

"पोटच्या पोरासारखा वाढवलाय त्यांनी. कुणाचं पोर कुणी मागतं का?"

तरी ते रोज ठरवून जात. टेबलापुढं उभे राहत. साहेब मान वर करून वाट बघत. मुकुंदराव सांगत की गाठी बांधून झाल्या, वॅगन लागली, आणि

आणि परत येत.

निघायच्या दिवशी ते जॅस्परला बंगल्यावर घेऊन गेले. घरचं माणूस गावाला निघालं की ठेवतात तसं अंबूताईंनी त्याच्या जिभेवर दही ठेवलं होतं. साहेबांचं सामान बैलगाडीत चढत होतं. बसतो का, साहेबांनी विचारलं. मुकुंदरावांनी आंब्याखालची भिंत दाखवली.

"बस."

जॅस्पर बसला. मुकुंदरावांनी त्याच्या मागं जोरानं टाळी वाजवली. तो जागचा हलला नाही. साहेबांनी मुकुंदरावांचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले की फाटकाशी जाऊन सामान नीट बांधलंय का बघा.

मुकुंदरावांनी गाडीवानाला ट्रंका सरकवायला लावल्या. कुत्र्याला ऐसपैस बसता येईल अशी जागा केली. खाली घोंगडं अंथरलं. ऊन लागेल म्हणून वर तट्ट्या ओढून घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात मागं आवाज झाला. आंब्यावरचे कावळे उडाले. बैल बिथरले.

साहेब एकटेच आले. एका हातात गळ्याचा पट्टा होता, दुसऱ्यात पिस्तूल.

"हलला नाही," ते म्हणाले. "तुमचे उपकार, राव. रस्त्यावर सोडून जाणं मला जमलं नसतं. इथं एका जरी माणसानं त्याला मागितलं असतं, तर आनंदानं देऊन गेलो असतो."