फाडलेलं कडवं

"ते पान तुमच्यापैकीच कुणीतरी फाडलंय," असं क्रिस्पिननं चर्चच्या वरिष्ठांना सरळ लिहिलं होतं. चर्चमधल्या जुन्या वहीतल्या लोकगीतात गिरणीच्या तळ्यात बुडवलेली मुलगी शेवटी मारणाऱ्याचं नाव घेते, आणि नेमकं तेच कडवं गायब होतं. उत्तर आलं, "आहे तेवढं गा."

नॉरफोकमधल्या त्या गावच्या चर्चमध्ये तो आपल्या उंच, बायकी पट्टीत तेवढंच गायला. हेस्टरबाईंनी ल्यूटच्या तारा तळहातानं गप्प केल्या. मग रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना लागते म्हणून विल्फनं, नेहमीसारखी, रिकाम्या चर्चची मिनिटभर शांतता रेकॉर्ड केली.

"गाणं संपलंय ना रे? मग श्वास कसला घेतोस?" हेडफोन काढत विल्फ म्हणाला.

"तोंडावर हात होता माझा," क्रिस्पिन म्हणाला.

पुन्हा रेकॉर्ड केलं. कडवं उचलण्याआधी गाणारा घेतो तसा तो खोल श्वास पुन्हा आला, या वेळी माइकच्या अगदी जवळ.

"पुसून टाकतो. वरचे आपल्याला हाकलतील."

"बटणाला हात लाव, मग बोटं शोधत बसशील," हेस्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या, फाडलेल्या कडव्याची चाल छेडली.

क्रिस्पिननं माइकसमोरची जागा मोकळी केली. श्वास आता हेडफोनशिवाय ऐकू आला. हेस्टरबाई त्या मोकळ्या जागेकडे वळल्या.

"नुसता श्वास किती वर्षं घेशील, पोरी? बोल, कुणी बुडवलं तुला?"