विंगेतला माणूस

"मी विसरणार, बघा तुम्ही!" तिसऱ्या घंटेला नलिनीबाईंनी यजमानांचा हात घट्ट धरला. नाटकात काम करायची शाळेपासूनची हौस सोसायटीच्या गणपतीत, साठीला टेकल्यावर पुरी होत होती.

"विंगेतच उभा आहे मी. अडलीस की सांगतो," यजमान नाटकाचं पुस्तक नाचवत म्हणाले.

दुसऱ्या अंकात नलिनीबाई अडल्याच. विंगेकडे पाहिलं, तर तिथे कोणी नाही! यजमान पुस्तक मांडीवर टाकून प्रेक्षकांत बसलेले, तोंड उघडं. बाईंना असा संताप आला, की पुढची वाक्यं कडाडतच बाहेर पडली. टाळ्या थांबेनात.

"कुठे उलथला होतात?" पडदा पडताच त्यांनी विचारलं.

"अगं, पुढे काय होतं ते बघायला गेलो!"

"महिनाभर तालीम घेतलीत, नाटक पाठ आहे की तुम्हाला!"

"नाटक पाठ आहे गं. तू कुठे पाठ होतीस?"