फूटपाथवरचा व्हिडिओ गेम

‘वाचनालय बंद करण्यास हरकत असल्यास कळवावे,’ हे विश्वस्तांचं पत्र येऊन महिना होत आला, तरी ग्रंथपाल भार्गवरावांनी उत्तर दिलं नव्हतं. हरकत होती, पण वाचकच येत नाहीत म्हटल्यावर लिहायचं काय?

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी दारासमोरच्या फूटपाथवर व्हिडिओ गेम मांडला. खडूचे चौकोन, खोक्यांच्या भिंती, बाटल्यांच्या झाकणांची नाणी. उड्या मारत, नाणी वेचत जो वाचनालयाच्या दारापर्यंत पोचेल, त्यानं एक पुस्तक घरी न्यावं. फळ्यावर नियम लिहिले, अपवाद आणि तळटिपांसकट.

सकाळपासून लोक थांबत, फळा वाचत आणि पुढं जात. कुणाला हाक मारायचं सोडून भार्गवराव खोकीच पुन्हा पुन्हा नीट रचत राहिले. दुपारी त्यांनी खोकी आवरायला घेतली.

“काका, खेळायचं कसं?” दळणाचा डबा कडेवर घेतलेली एक बाई विचारत होती.

“नियम लिहिलेत तिथं.”

“वाचले. डोकं फिरलं. तुम्हीच करून दाखवा की.”

लोक बघत होते. भार्गवरावांनी चपला काढल्या आणि उडी मारली. दुसऱ्याच उडीला खोक्यांची भिंत त्यांच्या अंगावर आली.

“मेलात, काका. आता परत पहिल्यापासून,” बाई हसत म्हणाली. डबा त्यांच्या हातात देऊन ती स्वतःच खेळायला उतरली. तिच्यामागं दोघंतिघं उभी राहिली.

दारात पोचून ती थबकली. “अगबाई, हे वाचनालय होय? मला वाटायचं सरकारी ऑफिस आहे.” पुस्तक निवडायला तिनं बराच वेळ घेतला.

संध्याकाळी भार्गवरावांनी विश्वस्तांना लिहिलं, ‘माझी हरकत आहे.’ कारणं देत बसले नाहीत. धीर सुटायच्या आत त्यांनी पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.