चौतीस चादरी

वहिनी गच्चीवर आली तेव्हा बेबी दोऱ्यांच्या मधोमध नुसती उभी होती. चारी बाजूंनी चादरी. सकाळी सातला घातल्या तेव्हा पांढऱ्याफेक होत्या, आता प्रत्येकीवर पिवळी पूड बसली होती. समोरच्या रस्त्यावरच्या झाडांना तुरे आले होते, आणि दहाच्या सुमारास वारा सुटला होता.

"तुला वर येऊ नकोस म्हटलं होतं ना," बेबी म्हणाली.

"तू खाली येईनास, म्हणून आले."

वहिनीने नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधला होता. तीन जिने चढून तिला दम लागला होता आणि श्वासागणिक छातीत शिट्टी वाजत होती. दर वर्षी हवा फिरली, अंगातले लोकरीचे कपडे नकोसे झाले, की ती शिट्टी सुरू व्हायची. तुरे गळून जाईपर्यंत थांबायची नाही.

दोघींची लॉन्ड्री खाली तळमजल्यावर होती. हिवाळ्यात ड्रायर बंद पडला, तेव्हापासून धुतलेलं सगळं राहत्या खोलीतच वाळत होतं. ओल्या कापडांखालून वाकून स्वयंपाक करायचा, वाकूनच झोपायला जायचं. आज पहिल्यांदा ऊन पाठीला लागलं, म्हणून बेबीने दवाखान्याच्या सगळ्या चादरी वर आणल्या. उद्या सकाळी आठला गाडी न्यायला येणार होती.

"पुन्हा धुवायच्या आता," बेबी म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"पाणी लावू नकोस, डाग धरतील. कोरडी पूड आहे, झटकली की जाईल." वहिनीने पहिल्या चादरीचे चिमटे काढले आणि दोन टोकं धरली. "धर तिकडून."

बेबीने धरली. चादर फाटकन वाजली आणि दोघींच्या मध्ये पिवळा धुरळा उठला. वहिनीने मान वळवली, खोकली, पुन्हा टोकं ताणली. मग घडी. पुढे यायचं, टोकं एकीने दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची कड उचलायची, पुन्हा मागे सरायचं. तीस वर्षांत त्यासाठी बोलावं लागलं नव्हतं.

नववी चादर झाली आणि वहिनीला खोकल्याची उबळ आली. ती पालथ्या बादलीवर बसली. बेबी दहावी चादर हातात धरून थांबली. उबळ ओसरायला बराच वेळ लागला.

"पोराचा फोन आला होता," वहिनी म्हणाली. तिचा मुलगा समुद्राकाठच्या गावी नोकरीला होता. "म्हणतो, तिकडे ही झाडं नाहीत."

"माहितीये. आधी मलाच केला होता त्याने."

"तुला?"

"आई येईल का, विचारत होता. मी म्हटलं, घेऊन जा तिला." बेबी चादरीकडे बघत बोलत होती. "मागच्या वर्षी दोनदा तुला ऑक्सिजन लावायला लागला. यंदा नाही माझ्याच्याने व्हायचं, वहिनी."

"मला न विचारता सांगून टाकलंस."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस."

वहिनीने रुमाल हनुवटीखाली ओढला. "मी सोमवारीच हो म्हटलंय त्याला," ती म्हणाली. "आज पाच दिवस झाले, तुला कसं सांगू, तेच घोळतंय मनात."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीच्या काचेवरची पूड फडक्याने झाडत होतं. बेबीने ते जरा वेळ पाहिलं. आठवडाभर ती स्वतःला कोसत होती, म्हातारीला तिच्याच घरातून हाकलतेय म्हणून. आता ते ओझं उतरायला हवं होतं. ते तिथेच होतं.

"कधी जायचंय?"

"पुढच्या रविवारी. तिकीट काढलंय त्याने."

"बरं."

"मला वाटलं होतं, तू एकदा तरी थांब म्हणशील."

"म्हणायचं होतं," बेबी म्हणाली. "पण भिंतीपलीकडून तुझी छाती ऐकू येते ना मला."

वहिनी उठली, पदराला हात पुसले आणि दहाव्या चादरीची टोकं धरली. दोघी परत कामाला लागल्या. ऊन डोक्यावर आलं. बेबीचं नाक गळत होतं, वहिनीचे डोळे लालभडक झाले होते. एक शिंकली की दुसरी थांबायची. पायांचे पिवळे ठसे गच्चीभर उमटले.

"दवाखान्याचं काम सोडून दे," मध्येच वहिनी म्हणाली. "शर्ट-पँटी घे. त्यांना एक माणूस पुरतं."

बेबीने पुढच्या चादरीचे चिमटे काढले.

तेहतीस घड्या टोपलीत रचून झाल्या. दोरीवर एकच चादर उरली. वहिनी तिच्याकडे गेली, तशी बेबीने हात आडवा केला.

"ही राहू दे. तू बस."

वहिनी बादलीवर बसली. बेबीने चादर काढली, एकटीनेच दोन-तीनदा झटकली. मग मधली कड हनुवटीखाली दाबली आणि दोन टोकं हातात घेऊन हात लांब पसरले. जेवढे पसरता येतील तेवढे. चादर तिच्या हातांहून मोठी होती. एक बाजू घसरली, जमिनीवरच्या पुडीत लोळली. वहिनी अर्धी उठली.

बेबीने मान हलवली. नको.

वहिनी परत खाली बसली. बेबीने चादर उचलली, झटकली, आणि पुन्हा हनुवटीखाली धरली.